एका खुर्चीचे तीन जन्म : मुंबईच्या दिवाणखान्यापासून चोर बाजारापर्यंत

१/
दक्षिण मुंबईत भेंडी बाजाराला लागून मटण स्ट्रीट नावाची एक अरुंद गल्ली आहे. तिथे ग्रामोफोनचे कर्णे, लोलकाची घड्याळे, एनॅमलच्या पाट्या, जहाजावरचे पितळी दिवे आणि शिसवी खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या दिसतात. लोक या जागेला चोर बाजार म्हणतात. आज घर सजवण्यासाठी ‘व्हिंटेज’ वस्तू शोधणारी तरुण मंडळी तिथे हौसेने जातात. आजचा हा थ्रेड त्या वस्तूंच्या इतिहासाविषयी आहे.

२/
प्रश्न साधा आहे. आजीने माळ्यावर टाकलेली, वडिलांनी भंगारवाल्याला दिलेली खुर्ची नातवाला दहापट मोल देऊन विकत घ्यावीशी का वाटते? लाकूड तेच, कारागिरी तीच. मधल्या काळात बदलले ते काय? याचे उत्तर शोधताना मुंबईच्या गेल्या दोनशे वर्षांचा घरगुती इतिहास उलगडत जातो. चला, सुरुवात करू.

३/
आधी थोडे भाषेकडे पाहू. ‘खुर्ची’ हा शब्द अरबी-फारसी ‘कुर्सी’वरून आला. ‘अलमारी’ पोर्तुगीज ‘आर्मारियु’वरून, तर ‘कोच’ आणि ‘टेबल’ इंग्रजीतून. ‘कपाट’ मात्र संस्कृत; पण संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी असा होतो. आपण जुनाच शब्द नव्या वस्तूला दिला. आणि ‘लिलाव’? तोही पोर्तुगीज ‘लैलांव’चा वंशज. घरातील सामानाची नावेच सांगतात की हे सामान कोणकोणत्या वाटांनी आपल्या घरात आले.

४/
या शब्दांच्या शेजारी आपले जुने शब्द ठेवून पाहा : पाट, चौरंग, बैठक, गादी, लोड, तक्क्या, झोपाळा, कोनाडा, फडताळ. वाड्यातील माणूस जमिनीलगत जगत होता. तो पाटावर जेवे, गादीवर बसून हिशेब लिही, आणि सामान भिंतीतल्या कोनाड्यात किंवा फडताळात ठेवी. ही गरिबीची खूण नव्हती. श्रीमंताची बैठकही जमिनीवरच असे; फरक गादीच्या कापडात आणि लोडांच्या संख्येत दिसे.

५/
याचा एक चित्रमय पुरावा उपलब्ध आहे. सर चार्ल्स मॅलेट हा पुण्यातील इंग्रज वकील. १७९० साली सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात झालेल्या तहाचा प्रसंग थॉमस डॅनियल या चित्रकाराने १८०५ मध्ये रंगवला. त्यासाठी त्याने जेम्स वेल्स याने पुण्यात केलेल्या रेखाटनांचा आधार घेतला. त्या भव्य दरबारात बैठक आहे ती जमिनीवरची. राज्यकारभार चालवण्यासाठी खुर्ची लागते, ही कल्पना तेव्हा पुण्यात रुजलेली नव्हती.

६/
मुंबई बेटावर मात्र चित्र निराळे होते. तिथे कंपनीचे अधिकारी, त्यांच्याशी व्यापार करणारे पारशी, गुजराती, कोकणी मुसलमान आणि मराठी गृहस्थ यांचा रोजचा संबंध होता. साहेब घरी आला तर त्याला बसवायचे कुठे? अनेक सधन घरांत खुर्ची प्रथम पाहुण्यांसाठी आली. घरातील मंडळी आतल्या सोप्यात पाटावरच बसत. बाहेरच्या दिवाणखान्यात मात्र कोच, आरसा आणि हंड्याझुंबरे यांची मांडणी होई. एकाच छपराखाली दोन संस्कृती नांदू लागल्या.

७/
हे सामान मिळे कुठून? एक मार्ग होता लिलावाचा. कंपनीचा अधिकारी बदलून गेला, विलायतेला परतला किंवा इथेच वारला, की त्याच्या घरातील सामान लिलावात निघे. मेज, पलंग, काचसामान, पुस्तके, घोडागाडी सुद्धा. जहाजातून लाकडी कपाट परत नेण्यापेक्षा इथे विकणे परवडे. म्हणजे वापरलेल्या फर्निचरची खरेदी ही आजची फॅशन नव्हे. मुंबईतील अनेक घरांना युरोपीय सामानाची ओळखच मुळी ‘सेकंडहँड’ रूपात झाली.

८/
दुसरा मार्ग म्हणजे स्थानिक सुतार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत एक स्वतंत्र शैली बहरली. तिला ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणतात. लाकूड शिसवीचे, पश्चिम घाटात आणि मलबारात मिळणारे. पॉलिश चढले की ते जवळजवळ काळे दिसे, म्हणून हे नाव. आकार युरोपीय कोचाचा. पण पाठीवर वेली, पाने, फुले आणि पक्षी यांची आरपार जाळीदार कोरणी. पाय सिंहाचे किंवा काल्पनिक प्राण्यांचे. मुंबईच्या कोट भागातील मेडोज स्ट्रीट ही या मालाची प्रसिद्ध पेठ होती आणि या धंद्यात पारशी व्यापारी पुढे होते.

९/
या शैलीचे मोल त्या काळीच वादग्रस्त होते. मुंबईशी दीर्घ संबंध असलेला आणि भारतीय हस्तकलांवर १८८० मध्ये मोठा ग्रंथ लिहिणारा जॉर्ज बर्डवुड हा हिंदी कलांचा कैवारी. पण या फर्निचरवर त्याची मर्जी नव्हती. त्याच्या दृष्टीने हा युरोपीय आकार आणि हिंदी कोरणी यांचा बेंगरूळ संकर होता. ‘अस्सल’ भारतीय कलेच्या शोधात निघालेल्या पंडितांना मुंबईतल्या सुताराने गिऱ्हाइकासाठी केलेला प्रयोग अस्सल वाटला नाही.

१०/
इथे क्षणभर थांबू. आज तोच ‘संकर’ संग्रहालयांत मानाने मांडला जातो. बर्डवुड ज्याच्या उभारणीशी जोडला गेला होता ते भायखळ्याचे संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेव्हाचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. तिथे गेलात तर वस्तूंबरोबर त्या ठेवण्यासाठी बनवलेली लाकडी कपाटेही निरखून पाहा. त्या काळच्या कारागिरीचा तो चालताबोलता धडा आहे.

११/
याच काळातील एक गमतीदार प्रकरण. १८७९ च्या फेब्रुवारीत मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट हे थिऑसॉफीचे प्रवर्तक मुंबईत उतरले. त्यांच्यासोबत एडवर्ड विंब्रिज नावाचा इंग्रज वास्तुविशारद होता. अध्यात्माच्या शोधात आलेल्या या गृहस्थाचे सहकाऱ्यांशी लवकरच बिनसले. मग त्याने मुंबईतच फर्निचरचा व्यवसाय थाटला आणि तो उत्तम चालला. ‘विंब्रिज अँड कंपनी’ हे नाव पुढे मुंबईच्या उंची फर्निचरशी जोडले गेले. मोक्षाच्या वाटेवरून निघालेला माणूस शोरूममध्ये पोहोचला!

१२/
१८९१ मध्ये आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा मुंबईत निघाली. जाडजूड सचित्र सूचीपत्रक पाहून घरबसल्या सामान मागवण्याची सोय झाली. आज बोटाने पडदा सरकवत दिवा आणि गालिचा निवडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे : चित्र पाहून, किंमत वाचून, न पाहिलेली वस्तू मागवण्याची सवय मुंबईला एकोणिसाव्या शतकातच लागली होती.

१३/
आता दुसऱ्या खुर्चीकडे वळू. ही तुम्ही नक्की पाहिली आहे. इराणी हॉटेलातली काळपट, वाकवलेल्या गोल लाकडाची, वेताच्या किंवा लाकडी बैठकीची हलकी खुर्ची. तिचा मूळपुरुष मायकेल थोनेट, जन्म १७९६, जर्मनीतील बोपार्ड. १८४२ मध्ये तो व्हिएन्नाला गेला. बीच झाडाच्या पट्ट्या वाफेवर मऊ करायच्या, बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी लावून साच्यात वाकवायच्या आणि वाळवायच्या, ही पद्धत त्याने परिपूर्ण केली. धातूच्या पट्टीमुळे लाकूड वाकताना फाटत नसे.

१४/
१८५९ मध्ये त्याची ‘क्रमांक १४’ ही खुर्ची आली. तिचे घटक मोजा : लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू, २ नट. सुटे भाग करून बांधले तर एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. म्हणजे जहाजाचे भाडे थोडके आणि जोडणी पोहोचल्यावर. सुटे भाग घरी आणून खुर्ची जोडण्याची कल्पना आज नवी वाटते. पण ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. १९३० पर्यंत या एका नमुन्याच्या सुमारे ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या.

१५/
१८६९ मध्ये थोनेटचा एकाधिकार संपला आणि मध्य युरोपात अनेक कारखाने अशाच खुर्च्या बनवू लागले. याच सुमारास इराणातून झरतुष्ट्री स्थलांतरित मुंबईत येऊन चहाची दुकाने काढू लागले होते. रस्त्याच्या कोपऱ्यावरील गाळे व्यापाराला अशुभ, अशी अनेकांची समजूत असल्याने ते इराण्यांना सहज मिळाले, असे सांगतात. कोपऱ्यावर दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक आणि दोन बाजूंचा उजेड! संगमरवरी माथ्याचे टेबल, भोवती चार वाकीव खुर्च्या आणि भिंतीवर आरसे, असा तो थाट ठरून गेला.

१६/
धोबीतलावचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. या हॉटेलांत गिरणी कामगार, कारकून, वकील, नाटकवाले आणि कवी एकाच प्रकारच्या खुर्चीवर बसले. पाटाच्या संस्कृतीत कोण कोणाच्या पंक्तीला बसणार हे जात ठरवी. शहरातील खुर्ची पैसे देणाऱ्या कोणालाही बसू देई. व्हिएन्नाच्या कॉफीगृहांची खुर्ची मुंबईत आली तेव्हा तिच्यावर हे नवे काम येऊन पडले. म्हणून ती केवळ ‘डेकोर’ नाही.

१७/
खुर्चीवर बसल्यावर नजर भिंतीकडे जाते. भिंतीवरचे चित्र सामान्य घरात आले ते छापखान्यामुळे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली. देवादिकांची आणि मराठेशाहीतील पुरुषांची रंगीत चित्रे तिने घरोघर पोहोचवली. त्यानंतर १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने आपल्या भावाच्या साथीने मुंबईत गिरगावात छापखाना काढला. त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवरावांनी १८८४ मध्येच त्याला सुचवले होते की चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, म्हणजे ती सर्वांपर्यंत जातील.

१८/
या छापखान्यातील पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे. दगडावर चित्र काढून प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड छापण्याची ती शिळाछपाई. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. लक्ष्मी आणि सरस्वती कशा दिसतात, याची आपल्या मनातील प्रतिमा बहुतांशी या छापखान्याने घडवली. घराघरात त्या चित्रांना जरी, टिकल्या आणि कापड चिकटवून नटवले जाई.

१९/
तोवर नवी हवा वाहू लागली होती. १९२२ मध्ये उरणला स्वदेशी फरशीचा कारखाना निघाला आणि ‘भारत’ नावाच्या रंगीत सिमेंट फरश्या मुंबईच्या इमारतींत बसल्या. १९२३ मध्ये गोदरेजचे पोलादी कपाट आले. वाळवी, दमट हवा आणि चोर या तिघांवर एकच उतारा! शिसवी कपाटाची सद्दी संपण्यास तिथूनच आरंभ झाला. मरीन ड्राइव्हला गोलसर कोपऱ्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांतील छोट्या फ्लॅटांत सिंहाच्या पायांचा कोच मावेनासा झाला.

२०/
नोव्हेंबर १९३७ मध्ये भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले. आदर्श दिवाणखाना कसा, आदर्श स्वयंपाकघर कसे, हे प्रत्यक्ष खोल्या मांडून दाखवले. बारा दिवसांत पाहणाऱ्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. संदेश स्पष्ट होता : कोरणी म्हणजे धूळ, धूळ म्हणजे रोग, सरळ रेषा म्हणजे आधुनिकता. ज्या कोचाने आजोबांची प्रतिष्ठा वाढवली, तोच आता नातवाला ओशाळवाणा वाटू लागला.

२१/
इथे खुर्चीचा दुसरा जन्म सुरू होतो : भंगाराचा. पहिल्या जन्मी ती फॅशन असते. तिसऱ्या जन्मी ती वारसा होते. मधला काळ मात्र सर्वांत धोक्याचा. तेव्हा ती पुरेशी नवी नसते की वापरावी आणि पुरेशी जुनी नसते की जपावी. इतिहासातील बहुतेक घरगुती वस्तू याच मधल्या पन्नास-साठ वर्षांत नाहीशा होतात. शत्रूच्या स्वारीत गेलेल्या वस्तूंची आपण नोंद ठेवतो. घर आवरताना गेलेल्या वस्तूंची कोण ठेवतो?

२२/
पुण्याचे उदाहरण घ्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कितीतरी जुने वाडे कोसळले. जे उरले त्यांच्या जागी पुढच्या दशकांत इमारती आल्या. कोरीव दारे, खांब, तुळया, दिंड्या, पितळी समया आणि अडकित्ते यांची नव्या दोन खोल्यांत सोय नव्हती. त्यांतले बरेच सामान मोडीत निघाले. सागाच्या तुळईला लाकूडबाजारात भाव होता. तिच्यावरच्या कोरणीला नव्हता.

२३/
याच मोडीच्या बाजारांत एक चष्म्याचे दुकानदार अनेक दशके हिंडत होते. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. कवी म्हणून त्यांचे टोपणनाव ‘अज्ञातवासी’. १९२० च्या सुमारास लागलेला संग्रहाचा छंद मुलाच्या, राजाच्या, अकाली मृत्यूनंतर जीवितकार्य बनला. दिवे, दौती, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, वाद्ये, दारे. तलवारी आणि दागिने सगळेच जमवतात. केळकरांनी स्वयंपाकघर जमवले. पत्नी कमलाबाईंची त्यांना या कामी साथ होती.

२४/
१९७५ मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे २०,००० वस्तू आहेत. एका वेळी मांडलेल्या असतात त्याच्या एक लहान अंश. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी तिथे आणून उभे केले. ज्या वर्षांत लोक ‘जुनेपुराणे’ म्हणून वस्तू देऊन टाकत होते त्याच वर्षांत ते त्या घेत होते. वस्तूच्या दुसऱ्या जन्मात तिला ओळखणारा माणूस हाच खरा संग्राहक.

२५/
आता चोर बाजाराकडे परत येऊ. त्याच्या नावाबद्दल सांगतात की मूळ नाव ‘शोर बाजार’. गोंगाट फार, म्हणून. साहेबांच्या उच्चारात त्याचे ‘चोर’ झाले. दुसरी कथा अशी की व्हिक्टोरिया राणी मुंबईत आली असता तिचे व्हायोलिन चोरीस गेले आणि याच बाजारात सापडले. पहिली कथा ही एक लोकव्युत्पत्ती आहे. दुसरी मात्र निखालस खोटी, कारण व्हिक्टोरिया राणी भारतात कधी आलीच नाही. राज्यावर असताना भारतात आलेला पहिला ब्रिटिश सम्राट म्हणजे पंचम जॉर्ज, १९११ साली.

२६/
खरी कथा या आख्यायिकेपेक्षा अधिक हृद्य आहे. या बाजारात जे येते ते बहुतेक चोरीने येत नाही. ते घरे मोडून येते. वारस परदेशी गेलेली पारशी कुटुंबे, पुनर्बांधणीस निघालेल्या चाळी, बंद पडलेली इराणी हॉटेले आणि चित्रपटगृहे, दारूखान्यात तोडलेली जहाजे. प्रत्येक वस्तूच्या मागे एक रिकामी झालेली जागा आहे. खुद्द शेजारच्या भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवरील सुमारे २५० जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे काम चालू आहे. जुन्याचा बाजारही जुना राहत नाही.

२७/
मग कायदा काय करतो? १९७२ मध्ये पुरावस्तू आणि कलाकृतींविषयीचा केंद्रीय कायदा संमत झाला आणि १९७६ मध्ये अमलात आला. त्यानुसार किमान १०० वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची. खासगी व्यक्तीला तिची निर्यात करता येत नाही आणि व्यापाराला परवाना लागतो. रविवर्म्याची चित्रे १९७९ पासून राष्ट्रीय कलाठेवा मानली जातात. योगायोग पाहा : ज्या १९७२ मध्ये कायदा संमत झाला, त्याच वर्षी मळवलीचा छापखाना आगीत भस्मसात झाला.

२८/
कायद्याची ही शंभरी एका ठिकाणी फार महागात पडली. चंदीगड वसवताना १९५१ ते १९६५ या काळात ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर झॅनरे तिथे राबला. सरकारी कचेऱ्यांसाठी त्याने आणि सहकाऱ्यांनी सागवान आणि वेताचे फर्निचर आखले. त्यांत युली चौधरी या वास्तुविशारद स्त्रीचा वाटा मोठा होता. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे पाय असलेली साधी खुर्ची. स्थानिक सुतारांनी ती हजारोंनी घडवली आणि कारकून, विद्यार्थी, न्यायाधीश सगळे तिच्यावर बसले.

२९/
पुढे त्या मोडकळीस आल्या. कचेऱ्यांनी त्या गच्चीवर रचल्या आणि भंगार म्हणून लिलावात काढल्या. युरोपातील व्यापाऱ्यांनी त्या किरकोळ भावात उचलल्या, दुरुस्त केल्या आणि परदेशी लिलावांत लाखो रुपयांना विकल्या. आपल्याकडे जाग आली तोवर २०११ उजाडले. तेव्हा केंद्रीय गृहमंत्रालयाने या फर्निचरच्या विक्रीवर निर्बंध घातले. परंतु खुर्च्यांचे वय शंभरीपेक्षा कमी असल्याने पुरावस्तू कायदा त्यांच्या मदतीला येऊ शकला नाही. दुसऱ्या जन्मातील वस्तूला आपल्या कायद्यात जागाच नाही.

३०/
यात व्यापाऱ्यांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी न उचलल्या असत्या तर कित्येक खुर्च्या चुलीत गेल्या असत्या. सल राहते ती वेगळी. परदेशी सूचीपत्रात झॅनरेचे नाव ठळक असते. ज्याने ती खुर्ची रंधली, जोडली, विणली त्या पंजाबी सुताराचे नाव कुठेच नसते. मुंबईच्या शिसवी कोचाचीही तीच कथा. दुकानदाराचे नाव कधीमधी सापडते. कोरणी करणाऱ्याचे नाव सहसा सापडत नाही. वस्तू वाचली तरी तिचा इतिहास आपोआप वाचत नाही.

३१/
म्हणून आता खरेदीला जाणाऱ्यांसाठी थोडे इतिहासाचे हत्यार. खुर्ची उलटी करून पाहा. खालचे अंग खोटे बोलत नाही. तिथे पॉलिश सहसा नसते, करवतीच्या खुणा असतात, कधी कारखान्याचा कागदी शिक्का किंवा ठसा सापडतो. ‘दीडशे वर्षांची’ म्हणून सांगितलेल्या कोचात अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू असतील तर सावध व्हा. ते १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आले. अर्थात मागाहून झालेली दुरुस्तीही असू शकते. एका खुणेवर निकाल देऊ नका.

३२/
झीज कुठे आहे ते पाहा. खरी झीज हातांच्या टोकांवर आणि पाय टेकवायच्या आडव्या दांडीवर दिसते. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती मुद्दाम केलेली असण्याचा संभव अधिक. रविवर्मा छापखान्याचे चित्र भिंगाखाली धरा. शिळाछपाईत रंगाचे ठिपके अनियमित, दाणेदार असतात; अलीकडच्या छपाईत ते कवायतीसारखे रांगेत उभे दिसतात. खालच्या समासात कार्ला-लोणावळ्याचा उल्लेख आहे का तेही तपासा, आणि तोही छापता येतो हे विसरू नका.

३३/
आणि सर्वांत महत्त्वाचे : विचारा. ही कुठल्या घरातून आली? कोणत्या गावची? तिच्यासोबत आणखी काय होते? दुकानदाराला ठाऊक असेल तेवढे लिहून ठेवा आणि तो कागद खुर्चीच्या खालच्या बाजूला चिकटवा. वस्तूच्या मालकीहक्काची ही साखळी तुटली की संग्रहालयालाही तिचे फारसे काही करता येत नाही. उरते ते एक सुंदर, मुके लाकूड. शोभेची वस्तू आणि इतिहासाचे साधन यांत फरक असतो तो एका चिठ्ठीचा.

३४/
शेवटी आपल्याच घरात पाहू. शंभर वर्षे जुने शिसवी कोच आता सगळ्यांनाच मौल्यवान वाटतात. त्यांची चिंता फारशी नको. आज दुसऱ्या जन्मात काय आहे? ऑलिव्ह रंगाचे पोलादी कपाट, नायलॉनच्या पट्ट्यांची घडीची खाट, सनमायकाचे टीपॉय, दारे सरकवून बंद करायचा दूरदर्शन संच, शिवणयंत्राचा लोखंडी पायटा. हे सगळे या क्षणी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढत आहे. पन्नास वर्षांनी कोणी तरी हेच शोधत मटण स्ट्रीटवर फिरेल.

३५/
सगळेच जपून ठेवता येणार नाही, ठेवूही नये. घर म्हणजे गोदाम नव्हे. पण टाकण्यापूर्वी एक छायाचित्र काढा. ती केव्हा घेतली, कुठून घेतली, किती पैशांना, कोणी पसंत केली, हे आजीला विचारून चार ओळी लिहा. केळकरांनी उभे आयुष्य वेचून जे केले त्याचा हा आपल्याला जमेल असा अंश. दरबाराचा इतिहास लिहायला बखरकार होते. पाट आणि खुर्ची यांचा इतिहास आपणच लिहायचा आहे.

३६/
तुमच्या घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती? ती कुठून आली, याची कथा खाली जरूर लिहा. छायाचित्र असेल तर उत्तमच. थ्रेड येथे समाप्त.